चपला राखणाऱ्याची होडी

उरण नाक्यावर बायका वालाच्या शेंगांचे ढीग मांडून बसल्या की पनवेलला थंडी आली असं खुशाल समजावं. स्वेटरवर जाऊ नये. स्वेटर आमच्याकडे लोक हौसेनं घालतात आणि दुपारी काखेत मारून फिरतात. शेंगा मात्र खोटं बोलत नाहीत. त्यांच्या शेजारी भांबुर्डीच्या पाल्याच्या जुड्या असतात. तो पाला हाताला लागला की त्याचा उग्र वास दिवसभर जात नाही. मडक्यात हा पाला कोंबायचा, त्यावर शेंगा, ओवा, जाडं मीठ, पुन्हा वर पाला. मग मडकं शेतात उपडं घालून भोवती पेंढा पेटवायचा. झाली पोपटी. यात कला वगैरे काही नाही, भूक आहे. पण हल्ली त्याला 'अनुभव' म्हणतात आणि तो घ्यायला लोक पुण्याहून येतात.

थंडी पडली की मला दोन गोष्टींनी शिंका येतात. एक धूळ आणि दुसरी कथाफेरी. परवाच शाळेतल्या एका बाईंनी आमच्या ग्रुपवर जाहिरात टाकली. कुठल्याशा किल्ल्याखालच्या गावात कंदिलाच्या उजेडात फेरी आहे म्हणे, 'चला, दगडांची कुजबुज ऐकू या.' मी शाळेत मराठी शिकवते. एखाद्या पोरानं निबंधात असं लिहिलं असतं तर त्याला उभं करून विचारलं असतं, बाळा, दगड नेमकं काय म्हणाला ते सांग. इथे मात्र खाली सगळ्यांनी हात जोडल्याची चित्रं टाकली होती. मी फोन पालथा घातला आणि शेंगा निवडायला बसले. पण मन कुठलं जागेवर राहतंय! ते गेलंच त्या हिवाळ्यात, आमच्या गावात, आमच्या ओट्यासमोर.

ज्यांच्या नशिबी हा प्रकार आला नाही त्यांच्यासाठी सांगते. कथाफेरी म्हणजे एखादं जुनं गाव धरायचं. तिथे संध्याकाळी शहरातली माणसं गोळा करून आणायची. पुढे एक झब्बेवाला, हातात कंदील. तो प्रत्येक वळणावर थांबणार, तिथे कुणी नट किंवा नटी दारातून बाहेर येऊन त्या घराची गोष्ट सांगणार, गोष्टीत कुणीतरी मरणार, बाया डोळे पुसणार, बाप्ये फोटो काढणार, की चला पुढच्या वळणावर. त्या घरात खरोखर राहणारी माणसं तोवर खिडकीतून बघत असतात. त्यांना कुणी विचारत नाही.

आमचं गाव गव्हाणच्या अलीकडे, खाडीच्या अंगावर होतं. नाव सांगत नाही. सांगूनही आता तिथे बस थांबणार नाही. तो काळ विमानतळाच्या नोटिसांचा होता. गाव उठणार हे ठरलेलं, कधी उठणार एवढंच लटकलेलं. माणसं भिंतींना रंग देत नव्हती, फुटलेलं कौल बदलत नव्हती. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं म्हणतात, तसा त्यात हा निनाद उपटला. नवीन पनवेलचा पोरगा, कॉम्प्युटरवाला. कंपनीनं त्याला कामासाठी इटलीला धाडलं. तिथे सुट्टीच्या दिवशी हा डोंगरावरचं एक जुनं गाव बघायला गेला, तिथल्या नटांच्या मागून गल्लीबोळांत फिरला, आणि परत येताना डोक्यात किडा घेऊन आला.

त्यानं गावदेवीच्या देवळापुढे चादर टांगून त्या फेरीची फिल्म गावाला दाखवली. मी त्या दिवशी आईला भेटायला गेले होते म्हणून हजर होते. दगडी पायऱ्या, खिडक्यांत फुलं, काळी शाल घेतलेली एक बाई कंदील वर धरून रडतेय आणि गोरी माणसं मान वाकडी करून ऐकताहेत. "तिथे भिंती बोलतात," निनाद म्हणाला. आमच्याकडे त्याची कधी गरज पडली नाही, शेजारी पुरेसे होते. गाव बघत होतं. मग चांगाकाका, गावातला जुना तांडेल, होडीवर हुकूम चालवणारा आणि जमिनीवर जिभेचा पट्टा चालवणारा, पुढून ओरडला, "ती बाय का रडताय? तिचा पन गाव उठवतान काय?"

"नाही काका," निनाद हसून म्हणाला, "ते गाव शेकडो वर्षं जुनं आहे. ते लोक जपतात."

आमच्याकडे लोकांना राग यायलाही फुरसत नव्हती. गाव जाणारच आहे तर निदान चार फोटो तरी निघतील, असा विचार करून पंचांनी आमच्या गावातही तशी फेरी करायला होकार दिला. कोल्हा काकडीला राजी.

आता माझ्या बापाबद्दल सांगायला हवं. त्याच्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही.

माझे बाबा, हिराजी, जातीचे कोळी आणि पाण्याला भिणारे. हे म्हणजे भटजीला मंत्रांची भीती वाटावी तसं झालं. होडीत पाय ठेवला की त्यांना बोट लागायची, खाडीच्या तोंडापर्यंत जायच्या आत ओकून ओकून डोळे पांढरे व्हायचे. तरुणपणी त्यांच्या बापानं त्यांना मारून मारून होडीत घातलं, चांगाकाकाच्या होडीवर खलाशी म्हणून लावलं. पण पोट कुणाच्या बापाचं ऐकतंय? शेवटी त्यांनी बंदरावरच्या गोदामात वॉचमनची नोकरी धरली. खाकी शर्ट, शिट्टी, डोक्याला खोबरेल. आमच्या गावात ज्याच्या अंगाला खाऱ्या पाण्याचा वास नाही असा एकच बाप्या होता, आणि तो माझा बाप होता. चांगाकाकानं त्यांचं नाव ठेवलं सुका. सुका हिराजी. पुढे हिराजीही गळालं, नुसता सुका राहिला. शाळेत मला पोरं 'सुक्याची' म्हणायची.

नारळी पुनवेला सगळं गाव होड्या सजवून नारळ सोडायला खाडीत जायचं. बाप्ये, बाया, कडेवरची पोरंसुद्धा. बाबा तेवढे धक्क्यावर उभे राहायचे आणि सगळ्यांच्या चपला राखायचे. कुणी त्यांना सांगितलं होतं असं नाही. एके वर्षी होड्या परत येईपर्यंत कुत्र्यांनी चपला पळवल्या, तेव्हापासून त्यांनीच ते काम अंगावर घेतलं. नुसते राखायचे नाहीत, जोड्या लावायचे. घरागणिक रांग. लोक ओले, हसत, पेढे खात उतरायचे तर आपापली चप्पल पायासमोर तयार. चांगाकाका पाय घालता घालता मोठ्यानं म्हणायचा, "सुक्या, पालिश पन मारून ठेव रं!" आणि सगळा धक्का हसायचा. बाबाही हसायचे. मला ते हसणं आवडायचं नाही.

पहाटे ते आईची मासळीची पाटी सायकलच्या कॅरियरला बांधून पनवेलच्या बाजारापर्यंत ओढत न्यायचे. रात्रपाळी असली तर थेट कामावरून यायचे आणि बाजारात आईच्या शेजारी बसून खवले काढायचे. बाप्या बाजारात बायकांच्या ओळीत बसतो म्हणजे काय! त्यावरही गाव हसलं. माझ्या वेण्या तेच घालायचे, इतक्या घट्ट की भुवया वर ओढल्या जायच्या. थंडीत पोपटी लावली की पहिली शेंग फुंकून फुंकून आईच्या हातावर ठेवायचे. आई गावासमोर त्यांच्याशी फार बोलायची नाही. घरात मात्र त्यांच्याखेरीज कुणाशी बोलायची नाही.

मी कॉलेजात असताना त्यांना कावीळ झाली आणि पनवेलच्या सरकारी दवाखान्यातच ते वारले. खाडीकाठच्या मसणात त्यांना नेलं तेव्हा सगळं गाव जमलं होतं. सरण पेटायला वेळ लागला नाही. तेव्हा चांगाकाका मागून म्हणाला, "सुका व्हता, बेस पेटला." दोनचार जण नाकातल्या नाकात हसले. आमच्यात बाया मसणापर्यंत जात नाहीत, बांधावर थांबतात. पण वारा आमच्या बाजूचा होता. आईनं ते ऐकलं आणि मीही ऐकलं. आई तेव्हा काही बोलली नाही, नंतरही कधी बोलली नाही. मला वाटलं, विसरली.

तर कथाफेऱ्या सुरू झाल्या. दर शनिवारी संध्याकाळी पळस्प्याच्या नाक्यावर मंडळी जमायची आणि तिथून त्यांची बस गावात यायची. मी रोडपालीला चौथ्या मजल्यावर राहत होते, मला त्यात काही रस नव्हता. एके दिवशी मधल्या सुट्टीत आमच्या भूगोलाच्या बाईंनी डबा बाजूला सारून माझा हात धरला. त्यांचे डोळे पाणावले होते. "अगं, कधी बोलली नाहीस ते! तुझे वडील दर्यात गेले? आणि आई इतकी वर्षं वाट बघतेय?" त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. आमचा ओटा. ओट्यावर हिरवं लुगडं नेसलेली माझी आई, हातात कंदील, केसांत अबोलीचा गजरा. माझी आई, जी बाजारात गिऱ्हाइकानं भाव पाडला तर "जा, त्यापेक्षा घरी जाऊन पापड भाज" म्हणायची, ती फोनमध्ये गहिवरून सांगत होती: "सगल्या व्होड्या परत आल्या. माज्या धन्याची तेवढी नाय आली. दुसऱ्याची व्होडी वाचवाला गेला, नि सोताच गेला."

भूगोलाच्या बाई माझ्या पाठीवरून हात फिरवत होत्या. मी त्यांना म्हटलं, माझे वडील कावीळ होऊन गेले. त्यांना वाटलं मी सावरण्यासाठी असं बोलतेय. त्यांनी पुन्हा हात फिरवला.

शनिवारी मी गेले ती डोकं भणभणतच. बसमधून माणसं उतरत होती. खादीचे झब्बे, कानात भलेमोठे झुमके, पायात गावाला न सोसणारे बूट. एक बाई निवट्या बघून "ईऽऽ, किती गोड" असं म्हणाल्या. निवटी गोड नसते, चिखलात उड्या मारणारा मासा असतो तो, आणि तिखटात चांगला लागतो. एकानं आमच्या शेजारणीला विचारलं, "मावशी, तुम्हाला इथे शांत वाटत असेल ना?" मागे डोंगर फोडायचे सुरुंग लावत होते. शेजारीण म्हणाली, "व्हय तं." खोटं बोलायची सवय सगळ्या गावाला लागली होती.

निनादला मी देवळामागे गाठला. "माझे वडील दर्यात गेले नाहीत. ते पाण्यात पाय घालत नसत. कुठून आणलीस ही गोष्ट?"

"ताई," तो मवाळपणे म्हणाला. त्याचं मवाळ बोलणंच मला सहन होत नसे. "घटना आणि सत्य यांत फरक असतो. हे कलात्मक सत्य आहे."

"डोंबल! कलात्मक सत्याला कावीळ होत नाही वाटतं?"

"आणि मी कुठून आणणार? मला आईंनीच सांगितली. आधी आमची एक नटी करत होती हा भाग. आईंनी दारात उभं राहून दोन वाक्यं ऐकली आणि तिला म्हणाल्या, 'बाय, पोट दुकतंय काय तुजा?' मग कंदील स्वतःच घेतला. समोर चांगाकाकांना जाळं घेऊन बसवायचं हेसुद्धा त्यांनीच सुचवलं. म्हणाल्या, वातावरण चांगलं होईल."

माझा विश्वास बसला नाही. याच पोरानं काहीतरी खोदून खोदून विचारून तिच्या तोंडात घातलं असणार, असं मी ठरवून टाकलं. घरात गेले तर आई आरशासमोर पावडर लावत होती. उभ्या जन्मात तिला मी पावडर लावताना पाहिलं नव्हतं.

"आये, हे काय चालवलंस? बाबा तांडेल होते?"

"मीच सांगला. मंग?"

"अगं, पण खोटं आहे ते! माझा बाप चपला राखायचा. जोड्या लावायचा. माझ्याकडे त्याचं एवढंच आहे. उद्या गाव जाईल, धक्का जाईल, हे ऐकून गेलेली माणसं तेवढी राहतील. मग माझा बाप कुठे राहिला?"

आईनं आरशातूनच माझ्याकडे पाहिलं. "तुना काय जाताय? तू वाल सोल." आणि कंदील उचलून ती ओट्यावर गेली.

सगळा हिवाळा मी धुमसत काढला. तरीही दर शनिवारी जात होते, हे मात्र खरं. जाऊन घरात बसायचे, खिडकीतून बघायचे. बाहेर खाडीवरून ओलं, चिखलाचा वास घेतलेलं वारं यायचं. भांबुर्डीचा धूर रांगत रांगत ओट्यापर्यंत यायचा, कारण फेरी संपली की मंडळींना पोपटी खायला घालत. सुरुंगाच्या धुळीनं मावळतीचं ऊन पिवळं दिसायचं आणि झब्बेवाले त्याला 'काय लाइट आहे!' म्हणायचे. आमचा डोंगर हवेत उडत होता तो लाइट. ते कुणाला सांगायचं? सांगितलं असतं तर त्याचीही गोष्ट केली असती आणि एक वळण वाढवलं असतं.

आणि आई. तिची मला लाज वाटत होती, हे लपवण्यात अर्थ नाही. म्हातारपणी टाळ्यांचा सोस लागला, असं मी मनाशी म्हणायचे. ती रडायची नाही, तेवढी एक बरी गोष्ट. कंदील धरून ताठ उभी राहायची आणि बाबांच्या नसलेल्या शौर्याचं एकेक वाक्य मासळीच्या सुरीनं कापावं तसं बोलायची. बघायची मात्र लोकांकडे नाही. समोरच्या ओट्यावर चांगाकाका जाळं सांधत बसलेला असायचा, त्याच्याकडे. नट कुठेतरी एका ठिकाणी नजर लावतात म्हणे. मला वाटलं, निनादनं शिकवलं असेल. चांगाकाकाची मान सुरुवातीला वर असायची. पुढे पुढे ती जाळ्यातून वर येईना.

मला दर शनिवारी एकाच गोष्टीची भीती असायची. भोवतालच्या ओट्यांवर सगळं गाव असायचं. त्यांतला प्रत्येक जण माझ्या बापाला ओळखत होता. प्रत्येकाच्या पायात त्यांनी लावलेली चप्पल गेली होती. कुणीतरी एक फिस्सकन हसणार, कुणीतरी 'सुक्या' म्हणणार आणि माझ्या आईची या परक्या माणसांसमोर शोभा होणार. आणि खरं सांगते, अर्धं मन माझं त्याचीच वाट बघत होतं. होऊ दे एकदाची फजिती, खरं बाहेर येऊ दे, माझा बाप मला परत मिळू दे.

शेवटच्या फेरीला गर्दी जास्त होती. निनादनं नवा झब्बा घातला होता. आई नेहमीप्रमाणे बोलली, दुसऱ्याची होडी वाचवायला गेला नि स्वतःच गेला. इथे एरवी टाळ्या पडत. त्या दिवशी पश्मिन्याची शाल घेतलेल्या एका बाईंनी हात वर केला, वर्गात करतात तसा. "आई, एक विचारू? ती होडी कुणाची होती हो?"

असा प्रश्न कुणी केला नव्हता. निनाद गडबडला. त्याच्या कागदावर उत्तर नव्हतं. आईच्या जवळ होतं की नाही देव जाणे, तिनं ते दिलं नाही. ती नुसती समोर बघत राहिली. कंदील तिनं थोडा वर केला, आणि उजेड पलीकडच्या ओट्यावर पडला. मग सगळेच तिकडे बघायला लागले. शालवाल्या बाई, झब्बेवाले, ओट्याओट्यांवरचं आमचं गाव. मी खिडकीचे गज धरून उभी होते. आता हसणार, मला वाटलं. आता तो म्हातारा दात काढून खरं काय ते सांगणार.

चांगाकाकाच्या हातातली जाळं सांधायची सुई थांबली. त्यानं मान वर केली, आईकडे पाहिलं, परत खाली घातली.

"माजी," तो म्हणाला.

"म्हणजे तुम्हाला वाचवायला..." शालवाल्या बाईंचा आवाज चिरकला.

"मना काढला नि तो गेला." चांगाकाका जाळ्याशीच बोलत होता. "त्याच्याएवढ्या छातीचा मानूस या गावान झाला नाय. हिराजी नाखवा." जन्मात पहिल्यांदा त्याच्या तोंडून मी ते नाव पुरं ऐकलं.

एकही माणूस हसला नाही. आमच्या शेजारणीनं पदर तोंडाला लावला होता. टाळ्या सुरू झाल्या त्या परक्या लोकांच्या, मग एकदोन ओट्यांवरूनही आल्या. आईनं कंदील ओट्यावर ठेवला आणि सरळ घरात आली. निनाद तिच्या मागे उंबऱ्यापर्यंत धावला. "आई, अजून शेवटचं वाक्य आहे!"

"ते तूच बोल," आई म्हणाली आणि दार लावून घेतलं.

गजरा काढून तिनं फडताळात ठेवला. पदरानं तोंडाची पावडर पुसली. बाहेर निनाद शेवटचं वाक्य बोलत होता, त्यात लाटांची कूस होती. आई पाटावर बसली आणि वालाची परडी पुढ्यात ओढली.

"आयकलास?" ती म्हणाली.

"ऐकलं."

"सरनापाशी हसलेला तो. त्याच तोंडानं बोलला. सगल्या गावामोर." तिचे हात शेंगांत होते, पण सोलत नव्हते. "तुजा बापूस जित्ता असताना येकदा नावानं हाक मारली असती तं काय जीभ झडली असती मेल्याची?"

"पण आये, खोटं बोलला तो."

"खोटा तं खोटा. हसला तो खरा व्हता ना? मंग त्या खऱ्याचा काय लोनचा घालू?" आता मात्र ती रडली. मोठ्यानं, नाक ओढत, कंदिलाशिवाय. बाबा गेले तेव्हाही ती एवढी रडली नव्हती. मी तिच्या शेजारी बसले. निनादच्या अख्ख्या नाटकमंडळीला जे सुचलं नसतं ते या बाईनं बाजारात बसल्यासारखं शांतपणे जुळवून आणलं होतं. गिऱ्हाइकाला समोर बसवायचं, आपला भाव सांगायचा आणि गप्प राहायचं. शनिवारमागून शनिवार गप्प राहायचं. शेवटी तोच पाटी उचलतो.

पुढच्या वर्षी गाव उठलं. टेंपो आले, कौलं उतरली, देवीला नव्या जागी नेलं. निनाद शेवटच्या दिवशी कॅमेरा घेऊन आला होता, त्याला पोरांनी हाकलला. चांगाकाका पुनर्वसनाच्या प्लॉटवर मुलाकडे गेला. आई माझ्याकडे रोडपालीला आली. धक्का होता त्या जागेवर आता भराव आहे, पत्र्याचं कुंपण आहे. इटलीतल्या त्या डोंगरावर अजून ती बाई शाल घेऊन रडत असेल. तिच्या भिंती शाबूत आहेत म्हणून रडायला जमतं, असं मला वाटतं. कथाफेरीला मी तेव्हाही नावं ठेवली, आजही ठेवते. तिनं माझ्या आईचं काम केलं, पण ती त्यासाठी आली नव्हती. ती फोटो काढायला आली होती.

यंदा आमच्या सोसायटीच्या बायकांना पोपटीची हौस आली. पार्किंगमागच्या मोकळ्या जागेत मडकं लावायचं ठरलं. आईला सल्लागार म्हणून खुर्ची दिली आणि मग कुणी तिचा सल्ला ऐकला नाही. पाला कमी, जाळ जास्त. आई मान हलवत बसली होती. तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावर नव्यानं राहायला आलेल्या वहिनी तिच्याकडे बारकाईनं बघायला लागल्या. मग एकदम उठल्या, तिच्या पायाशी बसल्या आणि तिचे दोन्ही हात धरले.

"तुम्हीच ना त्या? मी आले होते फेरीला! दर्यात गेलेल्या तांडेलाच्या... कंदीलवाल्या! अहो, मी किती रडले होते तेव्हा!"

सगळ्या बायका वळून बघायला लागल्या. मी तोंड उघडणार होते.

आईनं त्यांच्या हातांतून आपले हात सोडवून घेतले. "नाय बाय, ती कोन दुसरी आसंल," ती म्हणाली. "माजा नवरा पान्याला भियाचा. पुनवेला सगल्यांच्या चपला राखाचा. जोड्या लावून ठेवाचा, येक पन कदी हरवली नाय."

वहिनींचा चेहरा पडला. त्या "असं होय" म्हणून उठल्या आणि मडक्याकडे गेल्या. मी आईजवळ वाकले. "आये, त्या दिवशी सगळ्या गावासमोर बाबा तांडेल होते म्हणून सांगितलंस. आणि हिला खरं?"

आईनं करपलेल्या शेंगांतून त्यातल्या त्यात बरी एक वेचली, फुंकर मारली आणि माझ्या हातावर ठेवली.

"हिला कशाला खोटा सांगू?" ती म्हणाली. "ही कुठं हसलेली त्यांना?"